अध्यक्षाचा कट्टा

शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३. सकाळचे साडेआठ. माणदेशातल्या सनगरवस्तीच्या चावडीत पंचायतीचा रेडिओ लावलेला होता. अमेरिकेच्या अध्यक्षांना भरदिवसा, उघड्या मोटारीत, बायकोच्या शेजारी बसलेले असताना गोळ्या घालून मारल्याची बातमी त्यावर सांगितली गेली.

वस्तीत शिरताना डाव्या हाताला लिंबाखाली एक लांबरुंद काळा दगड आहे. त्याला अध्यक्षाचा कट्टा म्हणतात. गावच्या माणसाने त्यावर बसायचे नाही, अशी रीत आहे. तो परक्या माणसाचा. का, ते बिरूअण्णा हाके सांगतात. अण्णांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्याच वडिलांच्या मेंढरांची लोकर या गोष्टीत आहे.

वस्ती सनगरांची, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्यांची. त्यांच्यात शिदराम नावाचा विणकर होता. खड्ड्यातल्या मागावर वाकून त्याची पाठ कायमची धरलेली. पानस्करगुरुजी रोज चावडीत वर्तमानपत्र वाचून दाखवत. अमेरिकेचा अध्यक्ष तरुण आहे, हसरा आहे, त्याची लेकरे त्याच्या कचेरीत खेळतात, हे वस्तीला त्यांच्याकडूनच कळलेले. त्याचे नाव कोणाच्या तोंडात नीट बसेना, म्हणून सगळे नुसते ‘अध्यक्ष’ म्हणत. त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत गुरुजींनी वाचले, की या अध्यक्षाची पाठ इतकी दुखते की तो झुलत्या खुर्चीत बसून कारभार करतो.

ते ऐकून शिदराम म्हणाला, “एवढा मोठा माणूस, आन् त्येला कुणी घोंगडं दिलं न्हाई?”

पाठदुखीला घोंगडीवर निजावे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिकडे ते कोणी सांगितले नसणार, एवढेच शिदरामला वाटले. अण्णांच्या वडिलांनी कोकरांची पहिली कातरण दिली. तिला जावळ म्हणतात. तिची घोंगडी टोचत नाही. शिदरामची बायको कोंडाबाई सूत कातता कातता टोमणे मारायची, की माझ्या बापाची कंबर मोडली तेव्हा जावयाला घोंगडी विणायला सहा महिने लागले, अमेरिकेला बरी महिन्यात चालली. पण सूत तिने सगळ्यात बारीक त्याच घोंगडीचे कातले, असे सांगतात. शिदरामने चिंचोक्याची खळ दिली, दोन्ही काठांना पांढरी पट्टी काढली. त्याला घाई होती. थंडी पडायच्या आत ती पोचायला हवी होती.

२८ ऑक्टोबरला शिदराम आणि गुरुजी ती तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेले. परदेशच्या राष्ट्रप्रमुखाला भेट म्हणजे ती सरकारमार्फत जायला हवी, असे कारकुनाने सांगितले. घोंगडी ठेवून घेतली आणि सही-शिक्क्याची पोच दिली. शिदरामने विचारले, किती दिवस लागतील? “विमानानं जाईल,” कारकून म्हणाला.

पुढच्या चोवीस दिवसांत शिदरामने गुरुजींना रोज एकच प्रश्न विचारला. शेवटी गुरुवारी, २१ तारखेला, गुरुजी चौकशीला तालुक्याला गेले. घोंगडी चार घड्या करून खुर्चीवर होती आणि कारकून तिच्यावर बसला होता. वर पाठवायच्या कागदावर साहेबांची सही व्हायची होती. साहेब दौऱ्यावर होते. गुरुजी परत आले आणि वस्तीत काही बोलले नाहीत.

मग शनिवारची बातमी आली. चावडीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. शिदराम मागावरून उठून आला आणि त्याने सगळ्यांदेखत विचारले, “गुर्जी, पोचली हुती का वो? येकदा तरी निजला का त्येच्यावर?”

गुरुजी आयुष्यात खोटे बोलले नव्हते, असे अण्णा सांगतात. ते म्हणाले, “निजला, शिदुबा. सकाळी उठून बायकोला म्हणाला, आज पाठ हलकी वाटती.”

शिदराम तिथेच खाली बसला आणि रडला. म्हणे, त्या दिवसानंतर त्याची स्वतःची पाठ पुन्हा कधी दुखली नाही.

पण त्याला एक काळजी लागली. मेलेल्या माणसाचे अंथरूण तेराव्याला परक्याला द्यायचे असते. तिकडे हे कोण करणार? अध्यक्षाच्या बायकोला तर काही सुचत नसेल. म्हणून त्याने दिवसरात्र बसून दुसरी तशीच घोंगडी विणली आणि तेराव्या दिवशी या दगडावर अंथरली. दुपारी जात्याला टाकी लावणारी एक वडारीण आली. डोक्यावर ओझे, कंबरेत वाकलेली. शिदराम तिला म्हणाला, बस, ही तुझी.

“कुणाची हाय?”

“अमेरिकेच्या अध्यक्षाची.”

“असंल बाबा,” ती म्हणाली आणि आडवी झाली. उन्हे कलेपर्यंत ती झोपली. उठली ती सरळ उभी राहून चालू लागली, असे सांगतात. कोंडाबाईने घोंगडी तिच्या खांद्यावर टाकली.

शिदराम पुढे एकवीस वर्षे जगला. दरवर्षी त्याने एक घोंगडी दिली. गुरुजींनी खरे काय ते अण्णांना सांगितले, तेही शिदरामला मसणवटीत पोचवून आल्यावर. वस्तीने ते ऐकले आणि रीत मोडली नाही.

आजही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या दगडावर पांढऱ्या काठाची नवी घोंगडी अंथरतात. पहिला परका माणूस येईल त्याची. त्याचे नाव विचारत नाहीत, जातही नाही. फक्त पाठ दुखते का, एवढे विचारतात.

पहिल्या घोंगडीची पोच शिदरामच्या नातसुनेकडे आहे. शाई फिकी झाली आहे, पण शिक्का, तारीख आणि सही वाचता येते. ती घोंगडी अमेरिकेला गेली नाही आणि वस्तीला परतही आली नाही. शिदरामच्या माघारी गुरुजींनी, मग शिदरामच्या मुलाने, मग नातसुनेने कचेरीला लेखी विचारले, तिचे काय केले. तिन्ही अर्जांना उत्तर आलेले नाही.