तिळाएवढ्या देशाचं विरजण

उंच निळ्या डोंगरांच्या ओंजळीत मावेल एवढा एक देश होता. त्याचं नाव तीळदेश. तो इतका लहान, की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाची म्हातारी म्हणायची, "शंभर वर्षं जग रे बाबा."

त्या देशात सोनकी नावाची नऊ वर्षांची मुलगी राहायची. तिच्या परकराला अकरा ठिगळं होती, अकराही वेगवेगळ्या रंगांची. त्यामुळे ती धावत निघाली की फुलपाखरांचा थवाच निघाल्यासारखं दिसायचं. पण या वर्षी तिच्या घरात चूल दिवसातून एकदाच पेटत होती. शेजारच्या बलाढ्य राज्याचा राजा भद्रकेतू मोठी फौज घेऊन चालून आला होता.

"तीळदेश हा काय देश आहे?" तो म्हणायचा. "आमच्या ताटातून सांडलेला एक तीळ. तो उचलायचा आणि परत ताटात टाकायचा, एवढंच तर काम."

पण तीळ काही उचलला जात नव्हता. देशात यायला एकच वाट होती, एक अरुंद खिंड, आणि तीन महिने झाले, तीळदेशाची माणसं त्या खिंडीत पाय रोवून उभी होती. सोनकीचे बाबाही तिथंच होते. त्यांच्या ढाली अग्निबाणांनी काळ्या पडल्या होत्या आणि भाले लढून लढून बोथट झाले होते. शत्रूचे बाण खिंडीपर्यंत पोचायचे, यांचे मात्र अर्ध्या वाटेत पडायचे.

सोनकी रोज सकाळी चंदी शेळीचं दूध गडूत भरून खिंडीत नेऊन द्यायची. आई तिला वेगळ्या वाटीत घोटभर दूध द्यायची आणि बजावायची, "हा घोट तुझा. वाटेत भूक लागेल तेव्हा प्यायचा, कुणाला वाटून टाकायचा नाही." सोनकी मान डोलवायची.

एका सकाळी ती बकुळीच्या बनातून चालली होती. दवाचे मोती पानापानांवर लुकलुकत होते. तेवढ्यात पाचोळ्यातून बारीक कण्हणं ऐकू आलं. सोनकी वाकली. बकुळीच्या फुलांत एक परी पडली होती. करंगळीएवढी. तिचा एक पंख मोरपंखी झगमगत होता आणि दुसरा अग्निबाणानं होरपळून तपकिरी झाला होता.

"फार आग होते गं," परी म्हणाली.

सोनकीनं वाटीकडे पाहिलं. पोटात कावळे ओरडत होते. मग तिनं वाटी तिरकी केली आणि भाजलेल्या पंखावर दुधाची बारीक, पांढरीशुभ्र धार सोडली. थेंब, थेंब, सगळा घोट संपेपर्यंत. पंखाचा तपकिरी रंग हळूहळू निवळला आणि त्यावर चिमुकल्या चांदण्या उमटल्या.

"तुझा घोट गेला," परी म्हणाली.

"जाऊ दे. आईला सांगू नकोस म्हणजे झालं."

परी हसली. जाईच्या कळ्या सांडाव्यात तसं ते हसू होतं. "तुझ्यासाठी मी तीनदा दूर देशी जाईन," ती म्हणाली. "पण माझे नियम आहेत, नीट ऐक. मी कुणाशी लढणार नाही, तुमची लढाई तुमचीच. कुणी आपणहून दिलं, तेवढंच मी आणीन. आणि माझे पंख आहेत इवलेसे, त्यांच्यावर एका वेळी एकच शब्द मावतो. दुसरा शब्द ठेवलास तर मी उडणारच नाही."

"एकच शब्द?"

"एकच. म्हणून विचार करून बोल."

सोनकीला फार विचार करावा लागला नाही. बाबांचे बोथट भाले तिच्या डोळ्यांपुढे आले. ती म्हणाली, "धार."

परीनं तो शब्द पंखावर ठेवला आणि एक सोनेरी रेघ आभाळात उमटून विरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिंडीखालच्या माळावर किणकिण किणकिण आवाज झाला. सगळे धावत गेले. माळावर सत्तेचाळीस शेळ्या उभ्या होत्या. मोगऱ्यासारख्या पांढऱ्या. प्रत्येकीच्या गळ्यात चांदीची एवढुशी घंटा, आणि प्रत्येकीची कास दुधानं भरलेली. समुद्रापलीकडच्या निळबेटाच्या राणीनं त्या पाठवल्या होत्या. 'धार' हा शब्द ऐकून त्या माउलीला वाटलं, तिथली लेकरं उपाशी असणार.

सेनापती हैबतकाकांनी कपाळाला हात लावला. "भद्रकेतूला दूध पाजून परत पाठवायचं आहे का आता?" ते म्हणाले. "का त्याला सांगायचं, थांब रे, आमची धार काढून होऊ दे?"

माणसं पोट धरून हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. सोनकीचे बाबाही हसले, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी तिला जवळ घेतलं. "लेकरं पोटभर पितील, जखमी माणसं पितील," ते म्हणाले. "वाया नाही गेलं काही."

त्या दिवशी घराघरांत दुधाची पातेली भरली. पण नवाच पेच पडला. तीन महिन्यांत साऱ्या देशातलं दही संपलं होतं. दूध लावायला विरजणच कुणाकडे उरलं नव्हतं.

"भागामावशीकडे बघ," आई म्हणाली.

भागामावशीचं घर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे सोनकीच्या पायांनी दोन तासांवर होतं. मावशीनं मडक्याच्या तळाशी बोट फिरवून चमचाभर दही काढलं.

"एवढंसंच?" सोनकी म्हणाली.

"अगं, दही मागायला आलीस का विरजण?" मावशी म्हणाली. "दही मागतो तो खाऊन बसतो. विरजण मागतो त्याच्या घरी दूध असतं. चमचा माझा, दही तुझंच व्हायचंय. आणि वाटी रिकामी परत आणायची नाही हं. आपल्याकडे तशी रीत नाही."

सोनकीनं वाटी पदराखाली झाकावी तशी परकराच्या घेरात धरली आणि परत निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यात घट्ट, गोड, कवडीदार दही तयार होतं. त्यातलं चमचा चमचा शेजारी गेलं, तिथून पुढच्या घरी गेलं, आणि दोन दिवसांत देशभर दही झालं. सोनकी मात्र त्या पातेल्याकडे बघतच राहिली होती.

तेवढ्यात वाईट बातमी आली. पौर्णिमेच्या सकाळी भद्रकेतू तीस हत्ती घेऊन खिंडीवर चढणार होता. पौर्णिमेला बारा दिवस उरले होते.

हैबतकाका सोनकीच्या घरी आले. एवढा मोठा सेनापती, पण ओसरीच्या पायरीवर बसला. "पोरी, दुसरा शब्द मी सांगतो," ते म्हणाले. "सैन्य. म्हण फक्त सैन्य."

"काका, निळबेटाचं सैन्य आलं तर खिंडीत कोण उभं राहील?"

"ते राहतील."

"आणि तुम्ही? आणि बाबा?"

"आम्ही मागं उभं राहू."

"मग खिंड कुणाची होईल?"

हैबतकाकांनी मिशीवरून हात फिरवला. ते म्हणाले, "मग तुझ्या मनात काय आहे?"

"विरजण."

काकांनी डोळे मिटून घेतले. "आधी शेळ्या, आता दही. पोरी, या वेळी चूक झाली तर तिसरा शब्द उच्चारायला आपण इथं नसू."

"माहीत आहे, काका." सोनकीनं मान वर केली. "पण दूध आपल्याकडे आहे."

काका उठले. जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सांग मग," ते म्हणाले.

सोनकी बकुळीच्या बनात गेली. परी फुलावर झोके घेत होती.

"राणीला शब्द पुन्हा चुकीचा कळला तर?" सोनकीनं विचारलं. "तू थोडं समजावून सांगशील?"

"एकच शब्द," परी हळुवारपणे म्हणाली. "तो चांगला असला की पुरतो."

पाठवलेला शब्द परत आला तो चौथ्या दिवशी, दुपारी. इंद्रधनुष्याच्या कमानीवरून एक बाई उतरली. काळीसावळी, सडपातळ, केस मिठासारखे पांढरे. तिच्या पाठीवर तिच्याहून उंच एक धनुष्य होतं, कमरेला दोऱ्यांची गुंडाळी होती आणि हातात धार लावायचा एक निळा दगड होता. मागं कुणीच नव्हतं.

"मी दर्याबाई," ती म्हणाली. "निळबेटाच्या राणीनं पाठवलंय."

"एक बाई, एक धनुष्य, एक दगड," हैबतकाका पुटपुटले.

"दगड वेगळा आहे," दर्याबाई म्हणाली. "राणी म्हणाली, मागच्या वेळी माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल तर हा घेऊन जा. आणि दुसरा शब्द ऐकला तेव्हा ती लगेच उठली. मग मुदपाकखान्यात गेली, दह्याचं मडकं बघितलं आणि म्हणाली, या लोकांना दही नको आहे. दूध त्यांचं आहे." तिनं खांद्यावरचं धनुष्य उतरवलं. "तुमच्याकडे बांबू आहे का?"

सोनकीला रडू आलं आणि हसूही आलं.

दर्याबाईनं दरीपलीकडे चरणाऱ्या एका शेळीकडे पाहिलं, दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली. पलीकडे टिण्ण असा आवाज झाला. बाण घंटेला टिचकी मारून गेला होता, शेळीनं चरणंसुद्धा थांबवलं नाही. हैबतकाका पुढं आले आणि त्यांनी त्या म्हाताऱ्या बाईला वाकून नमस्कार केला.

दर्याबाईनं दहा जणांना शिकवलं. त्यांत पहिले सोनकीचे बाबा होते. बांबू कसा निवडायचा, कसा शेकायचा, दोरी कुठं बांधायची, वारा कसा ओळखायचा. त्या दहांनी शंभरांना शिकवलं. बायका दोऱ्या वळू लागल्या, म्हातारे बाणांना पिसं बांधू लागले, आणि निळा दगड हातोहाती फिरून सगळे भाले लखलखू लागले. आठव्या दिवशी तीळदेशाच्या हिरव्या बांबूची, तीळदेशाच्या हातांनी घडवलेली तीनशे धनुष्यं खिंडीत उभी होती.

"पण हत्तींना बाण मारायचे?" सोनकीनं विचारलं. "त्यांनी काय केलंय आपलं?"

"मग काय करू या म्हणतेस?" बाबा म्हणाले.

सोनकीनं माळाकडे बोट दाखवलं. तिकडे सत्तेचाळीस घंटा किणकिणत होत्या.

पौर्णिमेची सकाळ उगवली. धुकं केशरी झालं. ढोल वाजले आणि तीस हत्ती डुलत डुलत खिंड चढू लागले. तेव्हा बाणांना बांधलेल्या घंटा आभाळातून आल्या. किणकिण, झणझण, कानाजवळून, सोंडेवरून, पाठीमागून. हत्तींना गळ्यातली घंटा ठाऊक होती, पण उडणारी घंटा त्यांच्या बापजन्मात कुणी पाहिली नव्हती. पहिला हत्ती थबकला, मागं वळला, आणि तीसच्या तीस खाली धावत जाऊन नदीत डुंबायला बसले. मग बाणांची दुसरी रांग उठली. तिनं छावणीच्या दोऱ्या कापल्या. एकेक तंबू पसरला, आणि सगळ्यांत मोठा, लाल मखमलीचा तंबू खुद्द भद्रकेतूच्या डोक्यावर बसला. आतून कुणीतरी हातपाय झाडत होतं आणि बाहेरून त्याचे सरदार दार शोधत होते.

तरी शत्रूची पायदळं वर आली. पण लखलखत्या भाल्यांपुढं ती टिकली नाहीत. त्या दिवशी तीळदेशाची सात माणसं घरी परतली नाहीत. त्यांची नावं खिंडीच्या कातळावर कोरली आहेत आणि देशातली सगळी मुलं ती पाठ म्हणतात. पण सूर्य मावळायच्या आत भद्रकेतूची फौज डोंगरापलीकडे निघून गेली. ताटातून सांडलेला तीळ रुजून बसला होता, तो आता कुणाला उपटता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी हैबतकाका म्हणाले, "सोनकी, तिसरा शब्द तुझा. घर माग, सोनं माग, काय हवं ते माग. कुणी काही म्हणणार नाही."

सोनकीनं आईकडे पाहिलं. "आई, निळबेटाची वाटी आपल्याकडेच राहिली आहे," ती म्हणाली. "ती रिकामी कशी परत करायची?"

आई आत गेली आणि कवडीदार दह्याचं मडकं घेऊन आली. मग शेजारीण तिळाची पुरचुंडी घेऊन आली. कुणी रानातला मध आणला. भागामावशी दोन तास चालत आली आणि तिनं बकुळीची माळ आणली. बाबांनी खिंडीतून आपलं धनुष्य पाठवून दिलं. शेवटी हैबतकाकांनी एक हिरवा बाण ठेवला, त्याला दहा गाठी मारल्या होत्या. "राणीला कळेल," ते म्हणाले. "तिच्यावर कधी वेळ आली, तर आमची दहा माणसं निघालीच म्हणून समजावं."

एवढासा देश, पण त्या दिवशी तो समुद्रापलीकडच्या बेटाला शब्द देत होता. दर्याबाईनं मान ताठ करून तो बाण घेतला.

बकुळीच्या बनात सगळे जमले. परी सोनकीच्या तळहातावर उतरली.

"सांग, तिसरा शब्द काय?"

"घ्या," सोनकी म्हणाली.

परीनं तो शब्द पंखावर ठेवून पाहिला. "इतकी वर्षं मी शब्द वाहते," ती म्हणाली. "मागणारे सगळे भेटले. हा शब्द माझ्या पंखावर आज पहिल्यांदा आला. बघ, याचं वजनच नाही."

तिचे दोन्ही पंख पसरले. त्यांवर मोरपंखी, केशरी, गुलाबी रंग उसळले, आणि चांदण्यांचा चुरा साऱ्या बनावर सांडला. दर्याबाई, दह्याचं मडकं, हिरवं धनुष्य, सगळं त्या प्रकाशात उचललं गेलं. उजेड मोठा झाला, डोळे दिपले, आणि मग नुसती बकुळीची फुलं टपटपत राहिली. परी गेली होती.

सोनकीच्या हातात तिची दुधाची वाटी मात्र तशीच होती. तिच्यात चमचाभर विरजण होतं. या वेळी तिनं न मागितलेलं. ते आजवर संपलेलं नाही. तीळदेशात कुणाचंही दूध लावायचं राहिलं, की लोक सोनकीच्या दारी येतात.

ती घराकडे निघाली तेव्हा खिंडीकडून बाबा येत होते. त्यांना कुणी परी घेऊन आली नव्हती, ते आपल्या पायांनी चालत येत होते. सोनकी अकरा रंगांचा परकर सांभाळत त्यांच्याकडे धावली.

वाटीभर गोष्ट होती, ती तुमच्या ओंजळीत दिली. परत कराल तेव्हा वाटी रिकामी आणू नका.