जुन्या ब्रेकची धडधड

मोटारींचे भाग आपापसांत बोलायचे, तेव्हाची गोष्ट. हैबती मिस्त्रीने एका म्हाताऱ्या मोटारीला शर्यतीसाठी नवंकोरं इंजिन बसवलं, रुंद टायर चढवले, वजन घटवायला मागची सीटही काढली. ब्रेक तेवढा जुनाच ठेवला. "सरळ तर पळायचंय! पुढे माळ आहे, थांबेल आपोआप."

इंजिनाने पहिली डरकाळी फोडली आणि ब्रेक ओरडला, "अरे, एवढा वेग मला नाही रे आवरायचा. मिस्त्रीची लेक कावेरी गाडी चालवणार आहे. माळाच्या टोकाला खाण आहे!"

"भित्रा कुठला! तुझं ऐकलं तर इथेच गंजून जाऊ," इंजिन म्हणालं. टायर फिदीफिदी हसले.

शर्यतीत निशाण हललं. अडणाऱ्या भागाला भंगारात फेकतात, हे ब्रेकला ठाऊक होतं. तरी त्याने थरथरत चाकं घट्ट धरून ठेवली. इंजिन गुरगुरलं, पण गाडी जागची हलेना. लोक हसू लागले.

चिडून हैबतीने चाक उतरवलं. ब्रेकचं अस्तर झिजून कागदाएवढं उरलं होतं. हैबतीने माळाच्या टोकाच्या खाणीकडे पाहिलं आणि कावेरीला हात धरून गाडीतून उतरवलं.

संध्याकाळी भंगारात पडलेल्या ब्रेकला हाक ऐकू आली, "बाबा, चहा झालाय, चला ना!" तो आवाज कावेरीचा होता. तेव्हा कुठे त्याची थरथर थांबली.