नाक थांबेल ते घर

रविवारी भर दुपारी सोसायटीची सभा भरली. अध्यक्ष घाटगे नाक मुरडून म्हणाले, “आत्तासुद्धा मटणाचा वास येतोय. नफीसाबाई, घर खाली करा.”

नफीसाच्या ओठांवर माफी आलीच. न केलेल्या स्वयंपाकाचीही तिला लाज वाटे.

तिची दहावीतली तहूरा मात्र शांतपणे उठली. “काका, रमजान चालू आहे. आम्हा सगळ्यांचे रोजे आहेत, चूल पहाटेपासून थंड आहे. पण तुमचं नाक तिखट. तुम्ही वासामागं चला, आम्ही तुमच्या मागं येतो. नाक थांबेल ते घर खाली करायचं.”

घाटगे तावातावाने निघाले. तोच घाटगेकाकू पुटपुटल्या, “अहो, बसा. आपलाच कुकर आहे.”

घर खाली करायचा विषय तिथंच मिटला. नफीसा लेकीकडे बघतच राहिली. आपल्यासारख्या भित्रीच्या पोटी हे एवढं धीराचं पोर आलं कुठून?