शेडची उंची

"...मग चौदा फूट पुरतील, की सोळाच धरू?"

जोतीबाबा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाबा, शेडचं विचारतोय मी."

"ऐकलं."

पुरुषोत्तम आठल्ये जरा पुढे सरकून बसले. त्यांच्या मांडीवर नकाशांची गुंडाळी होती.

आठल्ये पुलांचे इंजिनिअर. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अठ्ठावीस पूल उभे केले. आपलं माप कधी चुकलं नाही, हे ते स्वतःच सांगत. आणि ते खरंही होतं.

जोतीबाबांनी बत्तीस वर्षं ट्रक चालवला होता. एक दिवस घाटाखाली ट्रक उभा केला, किल्ली मालकाच्या हातात दिली आणि या पत्र्याच्या मठात येऊन राहिले. देवाबद्दल ते फारसं बोलत नसत. आल्यागेल्याला अरे-तुरे करीत. आठल्यांना ते पहिल्या दिवशी खटकलं होतं. त्यांच्या पत्नीला, हेमलताबाईंना, नाही. मठात यायच्या त्या बाईच. आठल्ये त्यांना सोडायला येत आणि बाहेर पारावर पेपर वाचत बसत.

बाईंना जाऊन आता तेरा महिने झाले होते.

"जुनी शेड किती उंच हाय?" बाबांनी विचारलं.

"दहा फूट साडेतीन इंच. तोंडावरच्या तुळईच्या खालून."

"आन् गाडी?"

"दहा फूट दोन."

"दीड इंच सोडलंस."

"विचार करून सोडलं होतं."

बाबांनी दोन दाणे तोंडात टाकले.

गाडी म्हणजे एक मिनीबस. निवृत्तीनंतर आठल्यांनी ती घेतली आणि कोल्हापूरच्या एका वर्कशॉपमधून तिचं फिरतं घर करून घेतलं. दोन्ही बाजूंना पलंग, गॅसची शेगडी, लहानसं बेसिन, तीनशे लिटरची पाण्याची टाकी, छपरावर हवेसाठी एक झरोका. हेमलताबाईंना देश बघायचा होता, पण रात्री आपल्याच अंथरुणात झोपायचं होतं. पहिल्या खेपेला दोघं नर्मदेपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर गाडीला शेड हवी झाली.

जागा एकच होती, घराच्या उगवतीला. तिथं वरच्या मजल्यावर बाईंची खिडकी. खिडकीतून डोंगर दिसे. छप्पर उंच केलं असतं तर खिडकी झाकली गेली असती.

म्हणून आठल्यांनी गाडी मोजली. ती तेव्हा भरलेली होती. टाकी काठोकाठ, खाली पुस्तकांच्या दोन ट्रंका, डाळ-तांदळाचे डबे, भांडी, गाद्या, आणि बाईंनी हट्टानं बरोबर घेतलेला पाटा-वरवंटा. त्या मापावर तुळई पडली. गाडी आत गेली तेव्हा वर दोन बोटं फट राहिली. खिडकीही मोकळी राहिली.

"थोडी जास्त जागा असू द्या हो," बाई म्हणाल्या होत्या.

"जास्त म्हणजे किती, ते सांग."

त्यांना आकडा सांगता आला नव्हता.

दुसऱ्या प्रवासाला निघायच्या चार दिवस आधी बाईंना ताप आला. अकराव्या दिवशी त्या दवाखान्यातच गेल्या.

वर्षभर गाडी भरलेलीच उभी होती. वर्षश्राद्ध झालं आणि आठल्यांनी ती रिकामी करायला घेतली. टाकी सोडून दिली. पुस्तकं शाळेला गेली. गाद्या, भांडी, डबे ज्याला हवं त्यानं नेलं. पाटा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून घराच्या मागच्या दाराशी नेऊन ठेवला. मग पुण्याच्या भाच्याला फोन केला, गाडी घेऊन जा.

भाचा आला. गाडी रिव्हर्स घेतली. हातभर मागे आली असेल नसेल, वरून कर्रकन आवाज झाला. झरोका तुळईला लागला होता.

भाच्याला एसटीनं परत जावं लागलं.

"गाडी वाढली," बाबा म्हणाले.

"गाडी वाढत नाही, बाबा. ओझं उतरलं, चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी उठल्या. अडीच इंच. एवढं मला कळतं."

"कवा कळलं?"

आठल्यांनी गुंडाळीची कड सरळ केली.

"आवाज झाल्यावर."

बाबांनी मान हलवली. ट्रकवाल्याला ठाऊक असलेली ही गोष्ट त्यांनी लावून धरली नाही.

"चाकांची हवा सोडून बघितलीस?"

"बघितली. तरी घासतेच. पुन्हा भरून ठेवली." आठल्यांनी गुंडाळी उघडली. "म्हणून आता सगळंच पाडतो. नव्यानं बांधतो. हा बघा, हा चौदा फुटांचा. हा सोळाचा. दोन्ही अंगाला चार-चार फूट जागा, माणूस गाडीभोवती फिरला पाहिजे. तोंडाशी उतार कमी केलाय. हा तिसरा अठराचा आहे. यात कुठलीही गाडी राहील. भरलेली, रिकामी... कशीही. अडायला नको."

बाबांनी तिन्ही कागद नीट पाहिले. ओठ हलवत आकडे वाचले.

"खिडकी?"

"झाकली जाईल." आठल्ये हे कागदाकडे बघत म्हणाले.

"आन् गाडी भाच्याला देनार."

"हो. शेड पाडली की लगेच."

"मग ही अठरा फुटांची शेड कुनाच्या गाडीला?"

आठल्यांच्या बोटांतून कागदाची कड सुटली. नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

...

ओढ्याच्या बाजूनं कुणीतरी म्हशी हाकत गेलं. त्यांचा आवाज पार लांब गेला.

"चुकीचं बांधकाम माझ्या नावावर राहायला नको," आठल्ये शेवटी म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

बाबांनी आणखी एक शेंग फोडली.

"ती म्हणाली होती जास्त ठेवा," आठल्यांचा आवाज खाली आला. "मी तिला आकडा विचारला, बाबा. चारचौघांसमोर. गवंडी हसले होते... ती पण हसली."

बाबांनी टरफलं गोळा करून सुपात टाकली, धोतर झटकलं.

"चल. बघू."

दुपारच्या एसटीनं दोघं शहरात उतरले. आठल्यांच्या गल्लीत समोरच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. शेडमध्ये गाडी होती तशीच उभी होती, हातभर बाहेर येऊन अडकलेली, मागचं दार तुळईबाहेर.

आठल्यांनी बाबांना तुळई दाखवली. झरोक्याची चेपलेली कड दाखवली. बाबांनी वर पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मागच्या चाकाशी उकिडवे बसले, हात आत घातला आणि कमानीच्या पाट्यांवरून बोटं फिरवली. जनावराचं पोट चाचपावं तशी.

"पानी भर," ते म्हणाले.

"पुन्हा?"

"टाकी पान्यासाठीच हाय न्हवं?"

आठल्यांनी बागेचा पाइप ओढून आणला. टाकी भरायला पाऊण तास लागला. दोघं पायरीवर बसून होते. आत पाणी चढत होतं, त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

आठल्यांनी उठून माप घेतलं.

"दहा फूट पावणेचार. अजून पाव इंच जास्त आहे." त्यांचा चेहरा जरा उजळला. "आता हवा सोडली तर निघेल, बाबा."

"निघंल."

"मग सोडू?"

"मोकळ्या चाकांवर कुठं जाशील?"

आठल्ये पाइप गुंडाळायला लागले. जायचं कुठं, हा विचार त्यांनी केलाच नव्हता. गाडी बाहेर काढायची होती, बस्स.

बाबा फाटकापाशी गेले. समोर दोन गवंडी आणि तीन बिगारी बाया जेवण उरकून सावलीला टेकल्या होत्या. शेजारच्या कुंपणाशी परवीन आणि तिची म्हातारी सासू जैनबबी मघापासून बघत उभ्या होत्या. भाजीवाली सोनाबाई पाटी उतरवून घाम पुसत होती.

"या रं समदी," बाबा म्हणाले. "जरा गाडीत बसायचं हाय."

कुणी हललं नाही. आठल्यांची गाडी सगळ्यांना माहीत होती. वर्षभर त्या गाडीला कुणी हात लावला तरी साहेब गॅलरीत येऊन उभे राहत, हेही माहीत होतं.

थोरला गवंडी आठल्यांकडे बघत म्हणाला, "साहेबांना चालंल?"

बाबांनीही आठल्यांकडे पाहिलं.

"चालेल," आठल्ये म्हणाले. "वजन हवं आहे."

"वजन तर वजन," गवंडी उठला.

सगळी चढली. बाया खाली फळीवर दाटीनं बसल्या, सोनाबाईनं पाटी मांडीवर घेतली. गवंडी उजव्या पलंगाच्या कडेला टेकले, कपड्यांना सिमेंट आहे म्हणून अर्धे उभेच. आठल्ये स्टिअरिंगला बसले. आरशातून त्यांना सगळं दिसत होतं.

जैनबबी सर्वांत शेवटी चढली. गुडघ्यावर हात ठेवत, दांडीला धरत. आत येऊन तिनं इकडे-तिकडे पाहिलं आणि डाव्या पलंगाकडे वळली. हेमलताबाईंच्या.

"तिथं..."

आठल्ये वळले होते. त्यांचा हात वर आला होता.

म्हातारी अर्धी वाकलेली तशीच थांबली. "इथं नको का, भाऊ?"

टाकीच्या झाकणातून पाण्याचा थेंब पडत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

आठल्यांचा हात हवेतच राहिला. पलंगावर काही नव्हतं. नुसतं प्लायवूड, आणि त्यावर गादीच्या कडेची एक फिकट रेघ.

म्हातारीनं दांडीवरची पकड बदलली.

"गादी नाही तिथं," आठल्ये म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "कडक लागेल तुम्हाला."

"लागू दे."

"बसा मग."

ती बसली. गाडी किंचित दबली. सगळ्यांना ते पायाखाली कळलं.

आठल्यांनी माप घ्यायला उतरावं म्हणून दार उघडलं. मागे उभ्या असलेल्या बाबांनी नुसता तळवा हलवला, नको. आठल्यांनी दार लावून घेतलं.

तेरा महिन्यांत त्यांनी स्वतः ही गाडी एकदाही चालू केली नव्हती.

"येऊ दे," मागून बाबांचा आवाज आला. "येऊ दे... येऊ दे... जरा डावीकडं... येऊ दे."

गाडी इंच इंच मागे सरकू लागली. आत सगळ्यांनी डोकी खाली घातली होती. छप्पर त्यांच्या डोक्यांच्या कितीतरी वर होतं, तरी घातली होती. आठल्यांनीही घातली होती.

तुळईची सावली काचेवरून सरकली. पुढच्या टोकापर्यंत गेली... आणि मग ऊन आलं.

आवाज झाला नाही.

रस्त्यावर आल्यावर आठल्यांनी ब्रेक दाबला आणि तसेच बसून राहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. कपाळ त्यांनी हातांवर टेकलं. खांदे हलत होते. परवीननं तोंड दुसरीकडे वळवलं. बिगारी बायांपैकी एकीनं डोळ्यांना पदर लावला. घाई कुणीच केली नाही.

बाबा पुढच्या दारानं चढले, शेजारच्या सीटवर बसले.

काही वेळानं आठल्यांनी रुमालानं चष्मा पुसला. आरशात बघत म्हणाले, "झालं. उतरलात तरी चालेल आता. आभारी आहे."

कुणी उतरलं नाही.

"आलोच आहोत," जैनबबी म्हणाली, "तर नदीपर्यंत न्या की, भाऊ. मी संगमावर गेले नाही बघा, किती वर्षं झाली."

थोरला गवंडी म्हणाला, "अर्धा तास हाय आमचा अजून."

"माझी मेथी सुकंल," सोनाबाई म्हणाली, पण तीही बसूनच राहिली.

आठल्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा समोर रस्त्याकडे बघत होते.

आठल्यांनी गिअर टाकला. गल्लीच्या टोकाशी येऊन त्यांनी गाडी थांबवली, डावं-उजवं पाहिलं, आणि मग मान वळवून मागे पाहिलं. शेड रिकामी होती. इतकी लहान ती कधी दिसली नव्हती. वर खिडकी उघडी होती.

"बाबा."

"हं."

"मग ती पाडू, की राहू देऊ? आणि बांधलीच पुन्हा... तर उंची किती धरू?"

मागे जैनबबीनं पाय वर घेतले होते आणि काच सरकवण्यासाठी खटका शोधत होती. परवीन उठून तिला मदत करायला गेली. काच सरकली, वारा आत आला.

बाबांनी सीटवर जरा सरकून बसून घेतलं.

"परत आल्यावर मोज."