अण्णांच्या गाडीचा फिल्टर

“उस्ताद, खरं तेच बोललो. यात माझं काय चुकलं?”

बाबालाल उस्तादांचं लक्ष हातातल्या कामात होतं. पेट्रोलच्या ताटलीत एका जुन्या कार्बोरेटरचे भाग भिजत पडले होते. त्यातला जेट, बारीक भोकाचा पितळी तुकडा, उचलून त्यांनी उजेडासमोर धरला, फुंकला आणि परत ठेवला.

दऱ्याप्पा तसाच उभा.

जतच्या स्टँडामागं उस्तादांचं गॅरेज आहे. माझी गाडी खोलून ठेवली होती म्हणून मी बाकड्यावर बसून होतो, नाहीतर मला यातलं काहीच कळलं नसतं. दऱ्याप्पा हा उस्तादांचा पट्टशिष्य. हातात जादू, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. त्याच्या स्वतःच्या गॅरेजची पाटी रंगवून तयार होती. फक्त उस्तादांनी आपला कार्बोरेटरचा स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात द्यायचा राहिला होता. उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी असाच निरोप दिला होता, आणि तो मिळाल्याशिवाय दुकान उघडायचं नाही, असं दऱ्याप्पानं ठरवलं होतं.

आज देतो म्हणाले होते. सकाळपासून स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशातच होता.

झालं होतं ते असं. सिद्राम अण्णा म्हणजे एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. त्यांची जुनी मोटारसायकल झटके देत होती, म्हणून त्यांचा मुलगा रेवण ती सोमवारी घेऊन आला. उस्ताद जेवायला घरी गेले होते. बारीक धुळीनं कार्बोरेटरची सुई झिजली होती. दऱ्याप्पानं कार्बोरेटर बदलला, हवेचा फिल्टर बदलला आणि जुना फिल्टर रेवणसमोर कागदावर आपटला. पांढरं पीठ पडलं.

“तुमचे वडील रोज खडीच्या क्रशरवर जात्यात,” तो म्हणाला.

रेवण हसला. “छे! बाबा दिवसभर मारुतीच्या देवळात असतात.”

“देवळाच्या वाटेला डांबर हाय. असली धूळ फक्त क्रशरच्या वाटेला. आणि बाहेरनं गाडी बघा, आरशागत. घरी यायच्या आधी रोज पुसत्यात.”

संध्याकाळी त्यानं हे सगळं उस्तादांना रंगवून सांगितलं. शाबासकी मिळाली नाही. त्या दिवसापासून उस्ताद कामापुरतंच बोलत होते.

“जुना पार्ट गिऱ्हाइकाला दाखवायचा, हे तुम्हीच शिकवलंय,” दऱ्याप्पा आता म्हणाला.

“व्हय.”

“मग?”

“मला कधी गिऱ्हाइकासमोर फिल्टर आपटताना बघितलंस?”

“नाही. तुम्ही मागं नेऊन गटारात झाडता...”

तो थांबला.

“म्हंजे अण्णांचं तुमास्नी ठाऊक होतं?”

उस्तादांनी दुसरा जेट उचलला.

तेवढ्यात सिद्राम अण्णाच आले. चालत. माठातलं पाणी प्यायले आणि माझ्या शेजारी बसले.

“गाडी?” उस्तादांनी विचारलं.

“घरात. चावी रेवणकडं हाय.” अण्णा हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. “त्याचंबी बराबर हाय. पोरगा बँकेत, आणि बाप क्रशरच्या वजनकाट्यावर ट्रक मोजतोय. लोक त्यालाच नावं ठिवत्यात.”

“अण्णा, मी...”

“तुझं कसब हाय बाबा. झटक्यात वळखलंस.”

हवी होती ती शाबासकी अशी मिळाली. दऱ्याप्पानं मान खाली घातली. मलाही तिथून उठून जावंसं वाटलं.

“घरात मी टीव्हीसमोरची खुर्ची, बाबालाल,” अण्णा म्हणाले. “तिथं डायवर लोक हाक मारत्यात. अण्णा, काटा बघा. अण्णा, च्या घ्या...” त्यांनी खिशातून एक किल्ली काढली. “काट्याच्या खोलीची. एवढी देऊन येतो. मग बसतो घरात.”

ऊन तापलं होतं आणि क्रशर पार डोंगराच्या पायथ्याला. अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले.

“थांबा,” उस्ताद म्हणाले. “दऱ्याप्पा, तुझ्या गाडीवर सोड अण्णांना.”

दऱ्याप्पाची गाडीही जुनीच, पण त्यानं जिवापाड जपलेली. सकाळीच त्यानं तिचा फिल्टर काढून धुतला होता. तो तारेवर वाळत होता. फिल्टरचा डबा खाली काढलेला आणि कार्बोरेटरचं तोंड उघडं.

“फिल्टर तेवढा वाळू दे, उस्ताद. मग सोडतो.”

उस्ताद उठले. त्यांनी स्वतः किक मारली. गाडी लगेच सुरू झाली, नेहमीपेक्षा जरा मोठ्या आवाजात.

“चालतीया की.”

“चालतीया. पण त्या वाटेला नको. धूळ सरळ आत जाईल. पिस्टन खाईल, सिलिंडर खाईल.”

“आज तर झकास पळंल.”

“आज पळंल, उस्ताद. पण पुढं...”

त्याच वेळी खडी भरलेला डंपर रस्त्यावरून गेला. त्याच्या मागचा पांढरा लोट थेट गॅरेजच्या दारात आला. अण्णांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मी तोंड फिरवलं.

दऱ्याप्पानं गाडीकडे झेप घेतली आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरला.

इंजिन गुदमरलं... बंद पडलं.

धूळ हळूहळू खाली बसली. दऱ्याप्पाच्या केसांवर, भुवयांवर पीठ साचलं होतं. हात अजून तिथंच होता.

उस्तादांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याची मूठ त्या हातावर हलकेच टेकवली.

“का रं दऱ्याप्पा?” ते म्हणाले. “धूळ तर खरीच होती की.”