उभ्या गाडीतला ब्रेक

घाटमाथ्यावर नूरजहाँ मुल्लाचं गॅरेज होतं. साखर कारखान्याचे चेअरमन आबासाहेब इंगवले यांची गाडी तपासून ती म्हणाली, "ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधून तेल गळतंय. आतली रबरं बदलल्याशिवाय घाट उतरू नका."

"आता ब्रेक मी बाईकडून शिकू? नुसतं तेल भर!"

तिनं निमूटपणे तेल भरलं. "आता पेडल दाबून धरा, आणि मला रागवत राहा."

"चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी! माझ्या पायाखालचा ब्रेक कधी..."

बोलता बोलता पेडल हळूहळू खाली गेलं आणि तळाला टेकलं. आबासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"साहेब, उभ्या गाडीत तुमचं एक वाक्य पुरं व्हायच्या आत ब्रेक संपला," नूरजहाँ म्हणाली. "घाट तर अजून सगळा उतरायचाय."

आबासाहेबांनी मागच्या सीटवर झोपलेली नात आधी उचलून बाहेर घेतली.