पाचशेचा पॉट

"मग दहापासून एकपर्यंत नॉब फिरवला तर काहीच का होत नाही, आणि एकाच्या खाली एकदम सगळंच कसं होतं?"

जिलानीचाचांनी माझ्या हातातली गिटार घेतली.

मिरजेत सतारी आणि तंबोरे दुरुस्त करणारे पुष्कळ. इलेक्ट्रिक गिटार उघडून आतल्या वायरींशी बोलणारे माझ्या माहितीत चाचा एकटेच. दोन वर्षं दर रविवारी मी त्यांच्याकडे झाळकाम शिकायला, म्हणजे बोटं भाजून घ्यायला जाते. वय त्रेचाळीस. चाचा मला शिष्य म्हणत नाहीत. गिऱ्हाईकही म्हणत नाहीत.

माझ्या गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या पट्टीत, दोन कॉइल आहेत. दोन्ही चालू असल्या की आवाज जाड होतो, आणि गाणारी बाई त्याखाली दबते. एक बंद केली की आवाज पातळ होतो, पण हॉलच्या ट्यूबलाइटची गुणगुण त्यात येऊन बसते. मला मधलं काहीतरी हवं होतं. त्यासाठी एका कॉइलवर पॉट लावतात, म्हणजे नॉबने कमीजास्त होणारा रोध. नॉब फिरवला की ती कॉइल हळूहळू झोपते.

पॉट किती किलोओहमचा, एवढाच प्रश्न होता.

चाचा म्हणाले होते, लहान घ्या. मी म्हटलं होतं, पाचशेचा. तीन दिवस नेटवर वाचून आले होते. पॉट जेवढा मोठा, तेवढा वरच्या टोकाला आवाज पूर्ण. चाचांनी मान हलवली होती, आणि पाचशेचा पॉट माझ्यापुढे सरकवला होता. मीच बसवला. झाळकामाचं कौतुकही मीच केलं.

मग हळदीचा कार्यक्रम झाला. नॉब फिरवत राहिले, फरक पडेना, आणि निर्मलावहिनींचा अख्खा अंतरा माझ्या गिटारने गिळला. वहिनी गातात, आणि ऑर्केस्ट्राही त्यांचाच. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, की येत्या शनिवारी पुन्हा असं झालं तर माझ्या जागी कीबोर्डवाला येईल. तो बोलतोही कमी, असं वर सांगितलं.

हे सगळं मी चाचांना ऐकवलं. मग वही उघडली. आता माझ्याकडे नवे आकडे होते. अडीचशे, शंभर, पन्नास. प्रत्येकाचा आलेख काढला होता, रंगीत पेनांनी.

चाचांनी आलेख पाहिले. उलटे धरून पाहिले. सुलटे धरून पाहिले.

"रंग बेस हाय," म्हणाले.

आणि वही मिटून चहाच्या ग्लासाखाली ठेवली.

मग त्यांनी पॉट गिटारमधून बाहेर काढला, लांब वायरी जोडल्या आणि तो स्वतःच्या मांडीवर टॉवेलखाली घेतला. मला म्हणाले, वाजवा. मी नॉब फिरवतो. पटेल तिथं थांब म्हणा.

मी वाजवलं. थांब म्हटलं. चाचांनी वायरी सोडवून मीटरने पॉटचा रोध मोजला.

अठरा.

पुन्हा केलं. सतरा. पुन्हा. अठरा.

पाचशेच्या पॉटमधले अठरा. तरी मला बरं वाटलं. कान पक्का आहे ना, असं मी विचारलं.

"पक्का हाय," चाचा म्हणाले, आणि गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली. टॉवेल पॉटसकट माझ्याकडे सरकवला. "आता तुमी गावा."

"मी?"

"वहिनी हायत का हितं?"

मी गायले. हळदीचंच गाणं. शेजारच्या दुकानातला घड्याळवाला दारापर्यंत आला, कोणाला काही झालेलं नाही हे बघून परत गेला.

चाचा वाजवत होते. मला माझाच आवाज ऐकू येईना. एका हाताने मी नॉब कमी केला. अजून कमी केला... अजून... मग कुठे श्वास घ्यायला जागा झाली.

चाचांनी मीटर लावला.

तीन.

मी म्हटलं, तुम्ही जोरात वाजवत होता.

चाचांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. नुसत्या अंगठ्याच्या मऊ भागाने वाजवत होते. नखसुद्धा लावलं नव्हतं.

...

मी टॉवेल काढला. नॉबवर अठरा कुठे आणि तीन कुठे ते फिरवून पाहिलं. दोन्हींच्या मध्ये नखाएवढी जागा होती. बाकीचा सगळा घेर मोकळाच.

चाचांनी डब्यातून पंचवीसचा पॉट काढला. इस्त्रीसारखी गरम झालेली झाळायची कैया उचलली.

माझ्याने राहवेना. पंचवीसचा लावला तर वरच्या टोकालाही थोडा आवाज गळणार, म्हटलं. पूर्ण कधीच होणार नाही.

"गळू दे की."

धूर निघाला. एक वायर बसली. दुसरी बसली.

"शनिवारी कितीवर ठेवू?" मी विचारलं.

"वाजवणार तुमीच न्हवं?"

"हो."

"मग तीन."

मी ते वहीत लिहायला गेले. वही ग्लासाखाली होती. तशीच राहू दिली.

"आणि अठरा?"

चाचांनी मागचं झाकण बसवलं. चारही स्क्रू आवळले. घड्याळवाल्याच्या दुकानाकडे एकदा बघितलं आणि गिटार माझ्या हातात दिली.

"ज्या दिवशी तुमी गाणार, त्या दिवशी."